विटांखालचा घट

किसनभाऊंनी तिसऱ्यांदा दोरी सोडली, विटा फरशीवर आदळल्या, आणि मी वैतागून म्हणालो, "मग घरीच जा. लंगडंच व्हायचं असेल तर माझी खाट कशाला अडवता?"

ही एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. त्या जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या एका सरकारी दवाखान्यात मी नवाकोरा मेडिकल ऑफिसर होतो. किसनभाऊ नदीत मासे धरणारे. डोंगा, म्हणजे त्यांची लाकडी होडी, पाण्यात ढकलताना मांडीवर आला आणि मांडीचं हाड मोडलं.

हे हाड मोडलं की भोवतीचे दणकट स्नायू आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर चढतात. तशीच जुळली तर पाय आखूड होतो. म्हणून पायाला चिकटपट्ट्या लावून दोरी बांधायची, ती खाटेच्या पायथ्याशी पुलीवरून खाली सोडायची आणि टोकाला वजन टांगायचं. याला ट्रॅक्शन म्हणतात. आमच्याकडे वजनं नव्हती, विटा होत्या. पेशंटने कित्येक आठवडे उताणं पडून राहायचं. त्यात सुरुवातीचे दिवस वाईट. पेटके येतात, जीव नकोसा होतो, आणि पेशंट नेमका तेव्हाच अर्धा उठून दोरीची गाठ सोडतो.

आखूड पाय घेऊन दुकानात बसता येतं. हलत्या डोंग्यात उभं राहून जाळं फेकता येत नाही. किसनभाऊंना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"मी काय करू, साहेब? पेटका आला का हात आपोआप जाते," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मी विटा पुन्हा टांगल्या, पण मनातून आशा सोडली होती.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. राऊंडला गेलो तर त्यांची बायको सरजाबाई खाटेच्या पायथ्याशी बसलेली. परडीत काळी माती, मातीत धान्य पेरलेलं, वर पाण्याने भरलेलं मातीचं मडकं. नवरात्रातला घट. झेंडूची पहिली माळ तिने ट्रॅक्शनच्या दोरीवरून खाली सोडली होती. आणि घट मांडला होता लोंबकळत्या विटांच्या बरोबर खाली.

"बाई, इथं नको," मी म्हणालो. "यांनी दोरी सोडली तर विटा घटावर पडतील."

"यायले घट दिसून राह्यला ना, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "सोडतीन कसे?"

मी किसनभाऊंकडे पाहिलं. ते मान उचलून घटाकडे बघत होते. चेहरा पांढराफटक.

त्या दुपारी पेटका आला तेव्हा मी तिथेच होतो. ते अर्धे उठले, हात दोरीपर्यंत गेला, पण मागे घेऊन त्यांनी खाटेची दांडी धरली. ओठ हलू लागले. देवीचं नाव चाललं होतं. हळूहळू श्वास लांब झाला, मांडी सैल पडली. मला देवाधर्माचं फारसं वेड नाही. पण माझ्या कपाटातल्या औषधांनी त्या माणसाला इतकं शांत कधी केलं नव्हतं, हे मला कबूल करावंच लागेल.

मधेच सिव्हिल सर्जन इन्स्पेक्शनला आले. माळा, उगवलेलं धान्य, धुपाचा धूर बघून दारातच थांबले.

"हा दवाखाना आहे की देऊळ?"

"सर, ट्रॅक्शनचा पेशंट आहे."

"काढा ते सगळं."

"काढलं तर हा दोरी सोडेल, सर."

त्यांनी खिशातून टेप काढली आणि खाटेकडे निघाले. सरजाबाई उभी राहिली. "साहेब, जोडे."

 साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वाकून बूट काढले. दोन्ही पाय टेपने मोजले. पुन्हा मोजले.

"इक्वल," ते म्हणाले. "धूप बंद करा, वॉर्डात दमेकरी आहेत. बाकी राहू द्या."

मला धास्ती होती ती दसऱ्याची. घट उठला, सरजाबाईने तो माळांसकट नदीवर नेला. विटांखाली नुसती फरशी उरली. मी खाटेशी घुटमळलो.

"किसनभाऊ, आता?"

"आता दुखतच नाई, साहेब. मंग काऊन सोडू?"

ते खरं होतं. तोवर स्नायूंनी हार मानली होती. किसनभाऊ म्हणत, देवीने दुखणं नेलं. मी म्हणत असे, विटांनी नेलं. पण विटा आधीही होत्या, त्यांना टांगलेलं राहू देणारं कोणी नव्हतं. त्या बाईचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

पुढचे आठवडे ते खाटेवर निमूट पडून राहिले. थंडी सरता सरता मी त्यांना नदीवर पाहिलं. डोंग्यात ताठ उभे होते आणि जाळं पाण्यावर गोल पसरत होतं. मी दिसताच त्यांनी ओरडून सांगितलं, "दोन्ही पाय बराबर आहेत, साहेब!"

त्यानंतर ट्रॅक्शनचा पेशंट आला की मी आधी घरच्यांना विचारत असे, तुमच्याकडे असं काय आहे, ज्याला धक्का लागलेला चालत नाही? बहुतेकांनी देवाचं नाव घेतलं. त्यांचं आमचं जमलं. एका म्हाताऱ्याने म्हशीचं घेतलं. ती वॉर्डात आणता येईना. त्याचा पाय आखूडच राहिला.