दामूची जस्ताची बादली

हे वज्रेश्वरी माते, धातूत तू, दगडात तू, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूतही तूच. तुझ्या पायी माथा ठेवून राहनाळच्या दामूची ही गोष्ट.

धामणकर नाक्याजवळच्या एका कॉलेजात दामूने बावीस वर्षं प्रयोगशाळेच्या बाटल्या धुतल्या, त्याही कंत्राटावर. तिथे मेघाली मॅडम एका जिवाणूच्या एन्झाइमचे स्फटिक वाढवत. त्यांनी त्याला समजावलं होतं, की हे एन्झाइम रेणूच्या एका चपट्या कड्याला हलकेच वाकवतं आणि मधोमध लोहाचा एक अणू बसवतं. त्यातूनच हीम घडतं, आणि हीमवाचून जखमा चिघळवणारा हा जिवाणू जगत नाही. कडं वाकतं कसं ते कळलं, तर ते अडवणारं औषध शोधता येईल.

"म्हंजे लोहारच की त्यो," दामू म्हणाला होता. "भाता तेवढा न्हाय."

मुंबईला पाठवलेल्या स्फटिकांची क्ष-किरण चित्रं आली. कड्याच्या मध्यात धातूचा ठिपका दिसत होता. विभागप्रमुखांनी पेढे मागवले. मॅडमनी मात्र उरलेल्या स्फटिकांवर अतिनील दिवा धरला, आणि स्फटिक गुलाबी उजळले.

"लोह असतं तर ही चमक विझली असती," त्या म्हणाल्या. "हे जस्त असणार. पण आलं कुठून?"

दामूला आपली बादली आठवली. पाणी शुद्ध करणारं ऊर्ध्वपातनाचं यंत्र सात महिने बंद होतं, तीन अर्ज धूळ खात पडले होते. म्हणून तो शेजारच्या साइजिंगमधून, जिथे सुताला खळ लावतात, बॉयलरच्या वाफेचं पाणी आणायचा. गॅरेजवाले बॅटरीत घालतात तेच. पाणी चोख, पण बादली जस्ताची. तिच्या कडेची पांढरी पूड त्याने रोज पुसली होती. त्याला स्वतःच्याच हातांचा संताप आला.

"साहेब, पानी माझ्या बादलीतनं आलं, जस्त तिचंच हाय."

प्रमुख हसले. "मग तर तू बोलूच नकोस. कंत्राट मार्चमध्ये संपतंय ना? मॅडम, लोहच लिहा. दिवा धरून बघायला कोण येतंय?"

दामूचा आवाज चढला नाही. "मार्चपातुर कशाला थांबता? आजच काढा. सात म्हयने मशीन बंद हाय. तुमचा एसी एक दिस तरी बंद ऱ्हायला का? उद्या या कागदावरनं कुनी औषध बनवील, माझ्या नातीच्या, मृणालीच्या फुटलेल्या गुडघ्याला लावील, आन गुण येनार न्हाय. तवा ती पोर कुनाकडं बघंल? मॅडम, जस्त लिवा. पानी कुनी आनलं तेबी लिवा."

मॅडमनी लिहिलं, आणि प्रमुखांसमोरच सही केली.

मार्चमध्ये कंत्राट संपलं ते संपलंच. त्यानंतर आठ दिवसांत यंत्र दुरुस्त झालं. दापोड्याच्या गोदामात खोकी उचलताना दामूला मॅडमचा फोन आला. "दामूकाका, या वेळी लोह बसलं. दिवा धरला, चमकलं नाही."

"ब्येस झालं," तो म्हणाला. "माझा राग मातर जायचा न्हाय."

माते, तो राग तुझाच आहे, त्याला शांत करू नकोस. दामूला उदंड आयुष्य दे, त्याच्या राहीबाईचं कुंकू अखंड ठेव, नात मृणालीला विद्या दे, आणि त्या घरच्या ताटाला कधी रितेपण येऊ देऊ नकोस.