निशाण पडेपर्यंत

बेल्ह्याच्या पंचक्रोशीत हौशीराम बांगर हे नाव काढलं की ऐकणाऱ्याचा उजवा हात आपोआप वर जातो. नमस्कारासाठी नव्हे, तात्यांची नक्कल करण्यासाठी. तीसेक वर्षं हा माणूस बैलगाडा शर्यतीच्या घाटावर, चढाच्या वरच्या टोकाला, चुन्याच्या रेघेजवळ झेंडा उंच धरून उभा राहिला. खालून गाडा सुटायचा, बैल धुरळा उडवत वर यायचे, आणि पुढच्या बैलाचं नाक रेघेवर आलं रे आलं की तात्यांचा हात खाली. निशाण पडलं की घड्याळ थांबायचं आणि बारी पुरी व्हायची. निशाण पडलं नाही, तर बैल वाऱ्यासारखे पळाले असले तरी ती बारी धरायची नाही. तात्यांनी नुसतं "बाद" म्हणायचं. गाडामालक कितीही बडा असो, बैलांचे कासरे धरून गुमान खाली उतरायचा. एका गाड्यामागे तर म्हणे कुणा पुढाऱ्याचा मेहुणा होता. तोही उतरला.

घाटाबाहेर तात्यांचं कुणी फारसं ऐकलं, असा पुरावा नाही. घरात प्रयागबाई होत्या. तिथे तात्यांचा हात फक्त भाकरी घ्यायला पुढे व्हायचा.

पुढे घाटावर सेन्सर आला. रेघेवर दोन खांब, त्यांत लाल दिवा, आणि बैल मधून गेला की पाटीवर आकडे. कमिटीने तात्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याच्या डोळ्यांपुढे घड्याळवाल्यांनी माना तुकवल्या त्याला घड्याळ देणं म्हणजे जखमेवर मीठच. पण तात्यांनी ते घरी नेऊन टांगलं आणि तेव्हापासून त्याच्याकडे पाठ करूनच जेवू लागले.

त्यांचं नशीब असं की त्याच सुमाराला बेल्ह्याच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम निघालं. अर्धा रस्ता उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावरून आळीपाळीने दोन्हीकडची वाहनं सोडायची. त्यासाठी दोन्ही टोकांना झेंडेवाला माणूस हवा होता. तात्या गेले आणि नारंगी जाकीट, पिवळं हेल्मेट घालून घरी आले. प्रयागबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या की आता तरी चोरट्या मांजरांना घरात कोण आहे ते लांबूनच कळेल.

सुपरवायझर परगावचा, तरुण, घाईतला. त्याने तात्यांना शिकवलं : लाल झेंडा वर केला की गाड्या थांबतील, हिरवा दाखवला की सुटतील. झालं शिक्षण. तात्यांनी एकच शंका विचारली, की रेघ कुठाय? सुपरवायझरला कळेना. रेघ नसते, म्हणाला. रेघेशिवाय निशाण ही कल्पनाच तात्यांना अशुद्ध वाटली. दुसऱ्या दिवशी ते घरून चुना घेऊन गेले आणि आपल्या पायाजवळून रस्त्यावर आडवी, सुतासारखी सरळ रेघ मारून मोकळे झाले.

इथेच घोटाळा झाला, आणि असा घोटाळा जुन्नर-आंबेगावच्या मातीतच होऊ शकतो.

मुंबईकडून नगरकडे जाणारी मोटार लाल झेंडा बघून थांबायची. पण इथल्या पोरांना समोर काय दिसायचं? लांबट रस्ता, दोन्हीकडे मुरमाचे ढीग म्हणजे जणू घाटाच्या दरडी, शेवटी चुन्याची रेघ, आणि रेघेवर साक्षात हौशीरामतात्या, निशाण वर करून. जन्मल्यापासून त्यांनी हे चित्र बघितलं होतं आणि त्याचा अर्थ एकच : पळ. पाय ब्रेककडे जायच्या आधी ॲक्सिलेटरवर जायचा. आणि गंमत अशी की गाडी रेघेवर आली की तात्यांचा हातही, तात्यांना न विचारता, सपकन खाली यायचा. निशाण पडायचं. बारी पुरी.

आठवडाभरात पोरांनी रीतसर शर्यत बांधली. 'काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा' ही पाटी म्हणजे सुटायची जागा. तिथून तात्यांच्या रेघेपर्यंत कोण लवकर पोचतो ते मोबाईलवर मोजायचं. मोटारसायकली, 'छोटा हत्ती' टेम्पो, एकदा तर मोकळा ट्रॅक्टर. मागे बसलेला घाटावरच्यासारखं "भिर्रर्र" करायचा. समोरून वाहनं येत असतात, रोलर मध्येच वळतो, रस्ता पाणी मारून निसरडा असतो, ही किरकोळ माहिती कुणी ध्यानात घेत नव्हतं.

तात्या ओरडायचे, झेंडा हलवायचे, शिव्या द्यायचे. पण खरं सांगायचं तर त्यांच्या शिव्यांना धार नव्हती. सेन्सर आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या निशाणाकडे जीव टाकून धावत होतं. आणि सगळ्यांत लवकर कोण यायचं? सुदर्शन. त्यांचा स्वतःचा मुलगा. गावातला टोमॅटो पिकअपमध्ये भरून नारायणगावच्या मार्केटला नेणारा, आता नवी लग्नाळू पोरं ज्याला 'डायवर्शनचा राजा' म्हणत, तो सुदर्शन.

त्याचंही एक होतं. तो लहान असताना घाटावर दुपारी बैल सावलीला असायचे, लोक जेवायला गेलेले. तेव्हा तात्या वर उभे राहून निशाण उचलायचे आणि हे चिमुरडं खालून अनवाणी पळत सुटायचं. रेघेवर आलं की निशाण पडायचं. मग धापा टाकत तो विचारायचा, "आबा, किती?" आणि तात्या नेहमी त्या दिवशीच्या पहिल्या नंबराच्या बैलांपेक्षा थोडे कमी सेकंद सांगायचे. उभ्या आयुष्यात हौशीराम बांगरांनी निशाणावर उभं राहून केलेली ही एवढीच लबाडी.

त्यामुळे पिकअप रेघ ओलांडून गेली की तात्या तोंडाने "मरशील मुडद्या" म्हणायचे आणि मनातल्या मनात सेकंद मोजून घ्यायचे.

बेल्ह्यात खेमचंदशेठ नावाचे कापडाचे व्यापारी. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन दुकान थाटलं. शेठ आता बोलतात आपल्यासारखंच, फक्त गल्ल्यावर बसून जास्त सावकाश. शर्यतीत बैलांना दमवतात याचं त्यांना वाईट वाटायचं, म्हणून घाटाला दरवर्षी बक्षिसाबरोबर सगळ्या बैलांसाठी गूळही द्यायचे. त्यांची स्कूटर हा गावाचा करमणुकीचा विषय होता. दोन्ही पाय खाली सोडून, जमिनीची चौकशी करत करत ते चालवायचे. चालत जाणारी म्हातारी त्यांना "येता का पुढं" म्हणायची.

बैलबाजाराचा दिवस होता. टेम्पो, मोटारसायकली, व्यापारी, सगळा रस्ता भरलेला. पलीकडच्या झेंडेवाल्याने हिरवा दाखवला होता आणि तिकडून शेवटची म्हणून खेमचंदशेठांची स्कूटर निघाली होती. बाकीची वाहनं केव्हाच पार झाली. शेठ अजून मधेच होते. म्हणून इकडे तात्यांचा लाल झेंडा वर.

आणि पाटीजवळून सुदर्शनची पिकअप सुटली.

तात्यांना दोन्ही दिसत होतं. इकडून पोरगं, तिकडून शेठ. ते ओरडले. पिकअप रेघेवरून गेली, सुदर्शनला शेठ दिसले, त्याने ब्रेकवर पाय दाबला. ओल्या मुरमावरून पिकअप आडवी फिरली, कडेला लावलेले ड्रम उडवत उकरलेल्या चरात एका अंगावर कलंडली. शेठांनी घाबरून स्कूटर सोडली आणि बारीक खडीच्या ढिगात जाऊन पडले. क्रेट फुटले. लालभडक टोमॅटो घरंगळत तात्यांच्या पायांपर्यंत आले, आणि एक क्षणभर त्यांना ते टोमॅटो वाटले नाहीत.

दोघं वाचले. सुदर्शनच्या कपाळाला टाके, बरगडीला मार. शेठांचं मनगट मोडलं. नारायणगावच्या दवाखान्यात तात्या हात जोडून उभे राहिले तेव्हा प्लास्टरमधला हात पोटावर घेऊन शेठ म्हणाले, "हौशीरामभाऊ, तुमच्या घाटाला मी एवढी वर्षं बक्षीस दिलं. मीच एक दिवस घाटात सापडेन असं नव्हतं वाटलं." आणि वर त्यांनाच चहा पाजला. शेठ चिडले असते तर तात्यांना बरं वाटलं असतं.

पण तात्यांना खात होतं ते वेगळंच. ते त्यांनी घरी आल्यावर प्रयागबाईंना सांगितलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. पिकअप रेघेवरून गेली त्या क्षणी, पोरगं मरणाच्या तोंडात जात असताना, त्यांचा हात खाली आला होता. त्यांनी निशाण पाडलं होतं.

प्रयागबाई चुलीपाशी होत्या. तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "ल्हानपणापासनं त्ये पोरगं तुमच्या झेंड्याकडं पळतच आलंय. त्याला चालत ये म्हणून कुणी सांगितलंच न्हाई कधी."

तात्या त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून जेवले.

पुढच्या बाजाराला त्यांनी चहाच्या टपरीवर नियम जाहीर केला. आवाज घाटावरचा होता, त्यामुळे रुमालाखाली बोटं दाबून बैलांचे भाव करणारेही हात तसेच ठेवून ऐकू लागले. रेघ आता पायाजवळ नसेल, अलीकडे असेल. रेघेच्या अलीकडे जो थांबेल आणि हिरवा दाखवल्यावर धुरळा न उडवता जाईल, त्याचीच बारी धरायची. त्यालाच निशाण पडेल. बाकी सगळे बाद.

पोरं हसली. एकाने विचारलं, "तात्या, आमी मग पळायचं कुटं?"

"घाटात. बैलं हायती तितं. तुमी बैलं व्हायची गरज न्हाई."

राहिला उजवा हात. तो नियम मानायला तयार नव्हता. गाडी जोरात आली की आपला खाली यायला बघायचा. शेवटी तात्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने तो कोपरापाशी बॅरिकेडच्या खांबाला बांधून टाकला. नारंगी जाकिटातला, पिवळ्या टोपीतला, स्वतःला खांबाला बांधून घेतलेला झेंडेवाला बघून सुपरवायझरने डोक्याला हात लावला. पण गाड्या थांबायला लागल्या होत्या, म्हणून त्याने मध्ये तोंड घातलं नाही.

थांबायला लागल्या, म्हणजे लगेच नाही. पहिले काही दिवस पोरं सुसाट यायची, रेघेवरून जायची, आणि वर बघायची तर निशाण तसंच. तात्यांच्या तोंडून एकच शब्द, "बाद." तेवढ्याने त्यांची बारी पुचाट होऊन जायची. एकजण तर परत वळून भांडायला आला, की मी एवढ्या जोरात आलो, मोबाईलमध्ये आहे. तात्या शांतपणे म्हणाले की मोबाईलला बक्षीस मागा. मागच्या गाड्यांतले लोक हसले. घाटावर हरलेलं चालतं, पण बाद होऊन लोकांत हसं झालेलं या मुलखात कुणाला सोसत नाही. हळूहळू ब्रेक वाजू लागले. बाहेरच्या एका ट्रकने तरीही दोन ड्रम चिरडले. त्याला तात्या कोण हे ठाऊक नव्हतं, त्याला काय करणार.

खेमचंदशेठ प्लास्टरच्या हाताने मुलाच्या, बंटीच्या, मागे बसून आले तेव्हा तात्यांनी उपरणं सोडलं आणि निशाण असं झोकात पाडलं की शेठ लाजले आणि बंटीने उगाचच हॉर्न वाजवला.

सुदर्शन घरी पडून होता. तात्या संध्याकाळी आले की तो मोबाईलमध्ये तोंड घालायचा. आपल्या मुलाने पुन्हा गाडी काढावी अशी तात्यांना घाई होती आणि काढूच नये अशीही. तो कसा येईल, हे त्यांना दुसऱ्या कुणालाच विचारता येत नव्हतं. हर्षालीने, सुनेने, गॅरेजमधून पिकअप आणवली त्या सकाळी तात्या डबा न घेताच कामावर गेले.

पाटीजवळ पिकअप दिसली तेव्हा तात्यांचा लाल झेंडा वर होता. उजवा हात बांधलेला. मागे दोन मोटारसायकलींवरची पोरं हॉर्न वाजवून सुदर्शनला चिथावत होती, आता राजाने दाखवावंच म्हणून. टोमॅटो भरलेले, मार्केटला उशीर झालेला. पिकअप निघाली. तात्यांनी डोळे मिटले असते, पण निशाणावरच्या माणसाने डोळे मिटायचे नसतात.

पिकअप आली. हळू. इतकी हळू की क्रेटमधला टोमॅटोही हलत नव्हता. रेघेच्या अलीकडे हातभर जागा ठेवून थांबली. काचेतून कपाळावरचे टाके दिसत होते. समोरची वाहनं गेली. तात्यांनी डाव्या हाताने हिरवा दाखवला. मागच्या पोरांनी पुढे घुसायला बघितलं, सुदर्शनने हात बाहेर काढून त्यांना मागेच धरलं, आणि मुंगीच्या चालीने निघाला.

तात्यांनी दातांनी उपरण्याची गाठ ओढली. पिकअप त्यांच्यासमोरून गेली आणि निशाण पडलं.

थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला घेऊन, सुदर्शनने गाडी थांबवली. उतरून तो चालत मागे आला. हातात डबा होता, प्रयागबाईंनी पाठवलेला. तो त्याने बॅरिकेडवर ठेवला, आणि इकडेतिकडे बघत, चाळिशीकडे झुकलेल्या त्या दांडगटाने विचारलं,

"आबा, किती?"

तात्यांनी हेल्मेट काढलं. डोकं पुसलं. डोळेही त्याच उपरण्याने पुसून घेतले, कारण रस्त्याच्या कामावर धूळ फार असते.

"मोजलंच न्हाई," ते म्हणाले. "तू आला न्हवं, बास."

मागून एका मोटारसायकलीने हॉर्न दिला. तात्यांनी लाल झेंडा उचलला आणि आवाज चढवून सुदर्शनला म्हणाले, की गाडी कडेला लावलीय ती कुणाला विचारून? हे काय पार्किंग हाय?