पाठमोरं अस्वल

अस्वलाच्या डोक्यात गोळी घालायची नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. डोकं दिसतं मोठं, पण त्यात निम्मे केस आणि जबड्याचं मांस. कवटी उतरती असते, गोळी घसरून जाते. छातीखालीही केस लोंबतात, म्हणून नवखा माणूस नेम खाली धरतो आणि गोळी नुसती केसांतून जाते. अस्वल आडवं उभं राहिलं पाहिजे. आपल्या बाजूचा पुढचा पाय पुढे पडलेला पाहिजे. मग खांद्याच्या मागे, अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात मारायचं. तिथे फुप्फुस आहे, त्याच्याखाली हृदय. दुसरीकडे कुठे मारलंत तरी ते मरेल, पण आपल्या सवडीने मरेल, आणि तोवर वाटेत जो येईल त्याला फाडेल.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझी शाळा चौथीला सुटली. फौजेत शस्त्रागारात होतो, तिथे बंदुका साफ करता करता आणि शिकारी साहेब लोकांबरोबर फिरता फिरता शिकलो. फौज सुटल्यावर दिल्लीत एका सरकारी कचेरीत जीप चालवायला लागलो. आज ज्याला कस्तुरबा गांधी मार्ग म्हणतात तिथे कचेरी होती. तेव्हा तो कर्झन रोड. फौजेतून आलो म्हणून बंदुकीचं लायसन्स मिळालं होतं आणि पैसे साठवून तीनशे पंधरा बोअरची देशी रायफल घेतली होती. नेम धरायला नळीच्या टोकावर असते ती माशी मी स्वतः बसवली होती. पन्नास पावलांवर ती कुठे मारते हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्याच कचेरीत एक गढवाली शिपाई होता. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. त्यांच्याकडे मोठ्या भावाला भैजी म्हणतात आणि धाकट्याला भुला. तो मला भैजी म्हणायचा, मी त्याला भुला. दुपारी दोघांचा डबा एकत्र. माझ्या बायकोच्या हातची ठेचा-भाकरी खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तरी तो दुसऱ्या दिवशी मागायचा.

त्याच्या गावाला एक काळं अस्वल लागलं होतं. मक्याच्या दिवसांत शेतात उतरायचं. आदल्या वर्षी एका म्हाताऱ्याच्या डोक्याची कातडी त्याने ओरबाडून काढली होती. भुला एकदा जेवताना म्हणाला, "भैजी, गाँव की औरतें उसी नाले के ऊपर घास काटती हैं. मेरी घरवाली भी वहीं जाती है. कुछ करो."

तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी नव्हती. पीक खाणाऱ्या जनावराचं परमिट मिळायचं. ते काढलं, रजा टाकली. कचेरीत चेष्टा सुरू झाली. एक पंजाबी बाबू म्हणाला, "मराठे, पानीपत का बदला अब भालू से लोगे?" मी म्हटलं, "बाबूजी, पानीपत में आप किधर खड़े थे, पहले वो बताओ." सगळे हसले, तोही हसला.

आमचे साहेब मराठीच होते, शिकारीचा शौक असलेले. त्यांच्याकडे विलायती थ्री-सेव्हंटी-फाइव्ह रायफल होती, जड गोळीची. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अरे, ती तुझी काठी अस्वलाला पुरायची नाही. माझी घेऊन जा. कागदोपत्री तुझं नाव चढवून देतो."

"साहेब, माझी मला ठाऊक आहे. तुमची मी कधी खांद्याला लावलेली नाही."

"मग आज लाव. उद्या लाव. जायला आठवडा आहे की."

"नको साहेब. गोळी जागेवर बसली तर माझीही पुरते."

ते म्हणाले, "तू ऐकणारा नाहीस," आणि पुन्हा फाइलीत बघायला लागले.

गावात भुलाच्या बायकोने माझ्यासाठी वेगळं अंथरूण घातलं, घरातलं सगळं तूप माझ्या ताटात वाढलं. पंचविशीची असेल. गोरी, हसरी, नाकात मोठी नथ. मला म्हणाली, "भैजी, उसको मारके जाना. हम तो पाँच-पाँच मिलके घास को जाते हैं, फिर भी डर लगता है." मी म्हटलं, "मारके ही जाऊँगा." असं मी म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरताना अस्वल आलं. आम्ही दोघे वरच्या शेताच्या बांधावर दगडांमागे बसलो होतो. ते खालच्या मक्यात शिरलं आणि आमच्याकडे पाठ करून चक्क बसलं. माणूस बसतो तसं. दोन्ही हातांनी ताटं ओढायचं, कणसं मोडायचं. मला त्याची पाठ, पुठ्ठा आणि कानांची मागची बाजू दिसत होती. चाळीस पावलं. उजेड चांगला.

भुला कानाशी लागला. "मारो भैजी."

मी हळूच म्हटलं, "घूमने दे."

माझ्या रायफलीची गोळी त्या पुठ्ठ्यात गेली असती तर मांडीचं हाड, मग मक्याने भरलेलं पोट, एवढं फोडून फुप्फुसापर्यंत पोचली नसती. अस्वलाच्या अंगावर त्या दिवसांत बोटभर चरबी असते. भोक चरबीने बुजतं, रक्त बाहेर गळत नाही, माग लागत नाही. जखमी अस्वल नाल्यात उतरलं असतं, आणि सकाळी त्याच नाल्यावर बायका गवत कापायला.

"भैजी, वो घूमेगा नहीं."

"घूमेगा."

ते नाही फिरलं. बराच वेळ खात बसलं. मग वारा आमच्या पाठीकडून आला, त्याने नाक वर केलं, चार पायांवर पडलं आणि सरळ पुढे नाल्यात उतरून गेलं. शेवटपर्यंत मला त्याची बाजू दिसली नाही. रजा संपेपर्यंत रोज त्या दगडांमागे बसलो. पुन्हा आलं नाही. निघताना भुलाच्या बायकोने वाटेसाठी रोट्या बांधून दिल्या. "अगली बार," एवढंच म्हणाली.

महिन्याभरात तार आली. भुलाची बायको गवत कापत होती. अस्वल नाल्यातून वर आलं आणि तिच्यासमोर उभं राहिलं. बाकीच्या बायकांनी आरडाओरडा केला, दगड मारले, म्हणून ती जिवंत राहिली. डावा डोळा गेला. गाल, नाक, वरचा ओठ. भुलाने तिला दिल्लीला मोठ्या इस्पितळात आणलं.

भुला आणखी पाच गढवाल्यांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथे तिला कसं ठेवणार? आमचं क्वार्टर दीड खोलीचं, पण क्वार्टर होतं. बायको म्हणाली, "इथेच आणा." इस्पितळात मांडीची कातडी काढून गालावर लावायचे, मग घरी पाठवायचे, पुन्हा बोलवायचे. असं वर्षभर चाललं. माझी बायको तिच्याशी तिच्या पद्धतीची हिंदी बोलायची. "बैठ गं बहन, पेज पी ले. गरम है, फुंकून फुंकून पी." ती पदर तोंडावर धरून प्यायची. माझ्यासमोर पदर आणखी ओढायची. आम्ही त्या अस्वलाबद्दल कधी बोललो नाही.

मग थंडीतल्या एका रविवारी सकाळी, मी व्हरांड्यात बूट पुसत होतो, ती येऊन उंबऱ्यात बसली.

"भैजी, एक बात पूछूँ? बुरा नहीं मानना."

"पूछ."

"उस दिन गोली क्यों नहीं चलाई?"

मला हे तिला समजावून सांगायचंच होतं. कित्येक महिने मनात तयार होतं. मी मुलांच्या पाटीवरचा खडू घेतला आणि व्हरांड्याच्या फरशीवर अस्वल काढलं. आधी आडवं. हे फुप्फुस, हे हृदय, इथे लागली की पन्नास पावलांत खलास. मग पाठमोरं काढलं. हे हाड, हे पोट, इथून गोळी पोचत नाही. तिने नीट ऐकून घेतलं. मग वाकून पाठमोऱ्या अस्वलाच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

"यहाँ लगती तो नहीं मरता?"

"मरता. पण लगेच नाही... तुरंत नहीं मरता. दो दिन, चार दिन."

"चार दिन में तो मर जाता."

"हाँ."

"मेरे को तो उसने महीने बाद पकड़ा."

मी म्हटलं, "अगं, पण त्या चार दिवसांत त्याने कुणाला तरी फाडलं असतं." मराठीतच बोललो. मग हिंदीत सांगितलं, "उन चार दिनों में किसी को फाड़ देता."

ती म्हणाली, "हाँ. किसी और को."

रागाने नाही म्हणाली. हिशेब नीट लागतो का ते बघितल्यासारखं म्हणाली. मग पदर सारखा करून आत गेली आणि माझ्या बायकोबरोबर तांदूळ निवडायला बसली.

बायकोने सगळं ऐकलं होतं. रात्री जेवताना म्हणाली, "अहो, तिला एकदा नुसतं चुकलं म्हणा. तिचं मन हलकं होईल."

"चुकलेलं नसताना कसं म्हणू?"

"म्हणायला काय लागतं?"

"मला लागतं," मी म्हणालो, आणि ताटावरून उठलो.

त्याच हिवाळ्यात गावाहून बातमी आली. भुलाच्या चुलतभावाने ठासणीच्या जुन्या बंदुकीने अस्वलाला मारलं. मागून मारलं. कुल्ल्यात. ते नाल्यात उतरलं आणि तिसऱ्या दिवशी पाण्याजवळ मेलेलं सापडलं. कुणाला नखही लागलं नाही. भुलाने कचेरीत डबा उघडता उघडता मला सांगितलं.

मी म्हटलं, "ये शिकार नहीं है, भुला. ये नसीब है."

"हाँ भैजी," तो म्हणाला. "नसीब ही तो है." आणि माझ्या पुढ्यात भाजी सरकवली.

ती बरी होऊन, म्हणजे जेवढी व्हायची तेवढी होऊन, गावी परत गेली. निघताना माझ्या बायकोच्या गळ्यात पडली. मला लांबून हात जोडले. मी बस स्टँडपर्यंत ट्रंक नेऊन दिली, खिडकीतून केळी दिली, पोचल्यावर कळव म्हणालो. बस सुटायला वेळ होता. तेवढ्यात 'चुकलं' म्हणता आलं असतं. मी ड्रायव्हरशी टायरबद्दल बोलत उभा राहिलो.

नंतर शिकार बंद झाली, ते बरंच झालं. साहेबांच्या त्या रायफलीचा विचार मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. तिची जड गोळी मागून शिरून छातीपर्यंत गेली असती का? शिकारी लोक म्हणतात, गेली असती. मी म्हणतो, अनोळखी रायफल, हात हलला असता. पण हे म्हणताना माझा आवाज मलाच पूर्वीसारखा ठाम वाटत नाही.

पुढे रिटायर होऊन आम्ही गाझियाबादला मुलाकडे राहायला आलो. माझी बायको गेली. दोन वर्षांनी भुला घरी आला, नातवाच्या नोकरीच्या कामासाठी दिल्लीला आला होता. डोकं भादरलेलं बघूनच मला कळलं. म्हणाला, बायको चैत्रात गेली, ताप आला होता. शेवटपर्यंत गावात लग्नकार्याला मागच्या रांगेत बसायची, फोटोत कधी उभी राहिली नाही.

सुनेने चहा ठेवला. मी कप तसाच ठेवून म्हणालो, "भुला, उस दिन मेरे से गलती हुई. गोली चलानी चाहिए थी."

खरं सांगतो, मला अजूनही ती चूक वाटत नाही. आज मला त्या बांधावर बसवा, मी थांबेन. तरी मी ते म्हणालो, नीट शब्द जुळवून.

तो माझ्याकडे बघत राहिला. दोघेही म्हातारे. मग म्हणाला, "मुझसे क्यों कह रहे हो, भैजी? मैं तो वहीं बैठा था. मैंने तो देखा था, वो घूमा ही नहीं."

त्याने माझा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "पी लो, ठंडी हो रही है."