दव, दुर्बीण आणि चौधरीसर

तीन-चार जण मिळून दुर्बीण घेऊन बसले, की तारे मोजकेच दिसतात. किस्से मात्र ढीगभर जमतात! आमच्या जळगावच्या कंपूत विज्ञान शिकवणारे चौधरीसर, रेडिओ दुरुस्त करणारे रफिकभाई आणि बँकेतला मी. दुर्बीण घरीच बनवलेली. पीव्हीसी पाइपात बसवलेला आरसा. पाइपांचे कारखाने असलेल्या जळगावात पाइपाला काय तोटा?

* * *

पहिल्याच हिवाळ्यात चंद्र बघायला बसलो. दुर्बिणीत चंद्राभोवती हे मोठं धुरकट कडं!

"वर पातळ ढग आहेत. आज काही जमायचं नाही," सर म्हणाले. आम्ही आवराआवर केली. रफिकभाईंनी सहज मान वर केली. आकाश लख्ख!

सरांनी आरशावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"ढग आहेत हे खरंच," सर गंभीरपणे म्हणाले. "फक्त नळीच्या आत आहेत!"

* * *

मे महिना. दुर्बीण दिवसभर पत्र्याच्या खोलीत होती. संध्याकाळी गच्चीवर आणली, तर गुरू कढईतल्या भज्यासारखा थरथरतोय.

"आरसा तापलाय. गरम हवेनं चित्र हलतं. आधी तो गार व्हायला हवा," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनी पाइपाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि समोर कूलर लावला. आरसा गार झाला, पण कूलरचे तुषार थेट त्याच्यावर! आत काहीच दिसेना.

सरांना हसावं की रडावं कळेना. "रफिकभाई, आपण जळगावात, भर मे महिन्यात दव पाडलं हो!"

* * *

मग कुठूनसं कळलं, की दवावर उपाय म्हणजे हेअर ड्रायर. सरांनी बहिणीचा मागून आणला. आम्ही तिघं पाइपाच्या तोंडात गरम हवा सोडतोय, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आबा डोकावले.

"काय रे भो, पाइपले सर्दी व्हयनी का?"

आम्ही उत्तर द्यायच्या आत खांबावरचा फ्यूज उडाला. अख्खी गल्ली अंधारात! लोक शिव्या घालतायत आणि वर आकाश असं काही उजळलं, की बघत राहावं. आरसा मात्र अजून ओलाच.

* * *

नळी लवकर गार पडू नये म्हणून माझ्या बायकोनं तिला लोकरीचं आवरण विणायला घेतलं. सासूबाई आल्या, छोटंसं गोल विणकाम पाहिलं, गालात हसल्या आणि गेल्या. आठवड्यात डिंकाच्या लाडवांचा डबा हजर! कारण आम्हाला कळेना. लाडू आम्ही तिघांनी गच्चीवर संपवले.

पुढे खूप उशिरा आम्हाला मुलगी झाली, तेव्हा सासूबाई बुचकळ्यात. "अगं, लोकर तर केव्हाच आणली होतीस ना?"

* * *

हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा आम्ही पारोळ्याजवळच्या एका गावात दुर्बीण नेली. दिवेलागण नुकतीच झालेली. शेजारी भरणी झालेलं, नुकतंच पाणी दिलेलं शेत, हवा दमट. सरांनी आधीच बजावलं, "धुक्याच्या ठिपक्यासारखं दिसेल, जास्त अपेक्षा ठेवू नका."

पहिला नंबर ऐंशी पार केलेल्या नानांचा. मागच्या वेळी, शहात्तर वर्षांपूर्वी, धूमकेतू आला, तेव्हा त्यांनी तो वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. नानांनी डोळा लावला आणि हलेनातच.

"हाऊच तो!" डोळा न काढताच ते म्हणाले. "सगळा, बठ्ठा तसाच शे!"

डोळे पुसत ते बायकोला, अक्कांना, आणायला घरी गेले. सरांनी आत पाहिलं. आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, दवाचा जाड थर! त्यांनी रुमालानं तो पुसला, पुन्हा पाहिलं. चार तारे. धूमकेतू कुठेच नाही. दुर्बीण भलतीकडेच वळलेली. ती नीट वळवायच्या आधीच नाना अक्कांचा हात धरून हजर.

"हिले बी दखाडा."

अक्कांनी डोळा लावला. "काहीच नही शे."

नानांनी पाहिलं. ते गोंधळले. एकदा आमच्याकडे, एकदा सरांच्या हातातल्या ओल्या रुमालाकडे बघत म्हणाले, "आते व्हता ना! पुसी टाकं का भो तुम्हीन?"

आम्ही दोघं सरांच्या तोंडाकडे बघतोय. सर वाकले, आयपीसजवळ तोंड नेलं आणि हळूच 'हाऽऽ' केलं.

"आता बघा अक्का."

अक्कांनी पाहिलं. नानांचा हात घट्ट धरला.

"दिखना व माय, दिखना!"