श्रीधरच्या घरातला उंबरा

मुक्ता माझ्याशी एरवी इंग्रजीतच बोलते. त्या सकाळी फोनवर ती म्हणाली, "काका, बाबा गेले. झोपेतच..." आणि तिच्या त्या मोजक्या मराठीपुढे मला विचारण्यासारखे काही उरले नाही. तिचे वडील श्रीधर म्हणजे माझा पुण्यातल्या कॉलेजपासूनचा मित्र. तो बांधकामाचा इंजिनिअर, मी वकील. मेलबर्नला तो आधी आला, मी मागाहून. शोकसभेत मी बोललो नाही. मला दुःखापेक्षा राग अधिक आला होता, आणि रागावलेल्या माणसाने अशा वेळी माईक हाती घेऊ नये, एवढे भान मला आहे. त्याची बायको, नलिनीवहिनी, खुबा मोडून रुग्णालयात पडलेल्या असताना, त्यांना घरी आणण्याचे काम अर्धवट टाकून हा गृहस्थ निघून गेला, हे मला आजही मान्य नाही.

त्यांचे घर मेलबर्नच्या कार्लटन या जुन्या भागातले. व्हिक्टोरियन काळातले, दुमजली, अरुंद, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेले. व्हरांड्याला लोखंडी जाळीकाम, दारावर रंगीत काचा, बैठकीत संगमरवरी शेकोटी. निवृत्तीनंतर श्रीधरने ते घेतले आणि मागची गळकी पडवी पाडून तिथे काच आणि पोलादाचे लख्ख स्वयंपाकघर बांधायला काढले. परवानगीची कागदपत्रे मी वाचली तेव्हा माझ्या लक्षात आले की जुन्या वास्तूंच्या कायद्याचे संरक्षण केवळ रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाला आहे. आतले सारे कुणीही उखडून फेकावे! मी नगरपालिकेला सविस्तर पत्र लिहिले. आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे, असे एका ओळीचे उत्तर आले. मी दुसरे लिहिले.

"तू पत्रं लिही," श्रीधर म्हणाला, "तोवर मी सुतार शोधतो."

पडवी पाडताना तिच्या दाराचा उंबरा निघाला. रेड गम या तिथल्या टणक लाकडाची जाड फळी, मध्यभागी पावलांनी झिजून खोलगट झालेली. कंत्राटदार क्रेग ती कचऱ्याच्या हौदात टाकणार, तोच श्रीधर आडवा झाला.

"इट्स फायरवूड, मेट."

"नॉट इन माय हाउस, मेट."

आराखडा करणाऱ्या तरुण बाईंना घरातल्या बोळापासून बागेपर्यंत सलग, एकसंध फरशी हवी होती. श्रीधरने त्यांचे बाकी सर्व ऐकले, हे मात्र नाही. जिथे जुना बोळ संपतो आणि नवे स्वयंपाकघर सुरू होते, नेमका तिथे त्याने तो उंबरा पुन्हा बसवला. "जुनं कुठं संपलं ते पायाला कळायला नको?" असे म्हणून तो त्या खळग्यावरून हात फिरवी. "किती बायका धुणं वाळत घालायला इथून गेल्या असतील रे..." वहिनी सणासुदीला त्या परक्या बायकांच्या पावलांवर हळदकुंकू वाहत.

आणि आम्ही सारे तिथे ठेचकाळत असू. पुढचे दार वाजले की श्रीधर ओट्यापाशी असेल तिथून ओरडे, "पाय उचला!" एकदा माझ्या हातातला चहा त्या नव्या फरशीवर सांडला तेव्हा मी त्याला बजावले, "कुणी पडलं तर जबाबदारी घरमालकाची असते. दावा लागेल तुझ्यावर."

"मग तूच लाव. निदान त्या निमित्तानं वेरिबीहून इकडे येशील तरी!"

तो गेल्यावर रुग्णालयाच्या थेरपिस्ट बाई घर पाहून गेल्या. वहिनी वॉकर घेऊन चालणार. झोपण्याची खोली पुढे, न्हाणीघर मागे, मध्ये उंबरा. तो निघाल्याशिवाय त्यांना घरी पाठवता येणार नाही, असे त्या बाईंनी स्पष्ट सांगितले. मुक्ता म्हणाली, "काका, इट्स अ ट्रिप हझर्ड. व्हॉट कॅन आय डू?" माझा संताप अनावर झाला. ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस हटून बसला, ती एका पाहणीत रद्द? मी त्याच दिवशी रुग्णालयाला पाठवायच्या हरकतीचा मसुदा तयार केला, मुद्देसूद, आणि वहिनींना वाचून दाखवायला रुग्णालयात गेलो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "भावजी, चांगलं लिहिलंय. पण पाठवू नका. तो उंबरा त्यांनी घरासाठी बसवला होता, माझ्या वाटेत नव्हे. मला माझ्या ओट्यापाशी उभं राहून चहा करायचाय... काढा तो."

मी मसुद्याची घडी करून ती खिशात ठेवली. आयुष्यभर मी असेच मानत आलो की जे राखायचे ते कलमांनी बांधून ठेवावे, नाहीतर लोक ते नेतात. क्रेगने फळी हलक्या हाताने सोडवली आणि, मी काही सांगण्याआधीच, मागच्या बागेत लिंबाच्या झाडाखाली दोन विटांवर नीट ठेवली. फरशी अखेर सलग झाली.

वहिनी गेल्या आठवड्यात घरी आल्या. बोळातून वॉकर ढकलत, शेकोटीच्या खोलीसमोरून, जिन्याजवळून सावकाश पुढे सरकल्या. काचेतून येणारा उजेड जिथे सुरू होतो तिथे त्या थांबल्या. सपाट फरशीवर त्यांनी वॉकर किंचित उचलला, पलीकडे टेकवला, आणि मग एक पाऊल, मग दुसरे, उंच उचलून आत टाकले. त्यांच्यामागून औषधांची पिशवी घेऊन मुक्ता आली. तिनेही पाय उचलला. मी थांबून खाली पाहिले. तिथे काहीही नव्हते, कुणी काही ओरडलेही नव्हते... मीही पाय उचलला.