पेटीची राखण

निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी आक्का आपल्या टेबलावर कधी बसल्या नाहीत. सकाळीच खुर्ची उचलून व्हरांड्यात न्यायच्या, निविदापेटीला खेटून मांडायच्या आणि दुपारी तीनला पेटी सील होईपर्यंत हलायच्या नाहीत. जेवणाचा डबाही तिथंच. साहेबांनी एकदा विचारलं, हे काय चाललंय? “राखण,” आक्का म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला.

नव्वदच्या दशकातलं कोल्हापूर. आमचं खातं जिल्ह्यातल्या सरकारी वसतिगृहांना चादरी, ताटं, ट्रंका पुरवायचं. आक्का खरेदी शाखेच्या मुख्य लिपिक, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, कानडी मुलखाला लागून, त्यामुळं राग आला की आधी कानडी आणि मग मराठी. इथल्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल ‘मी येतो, मी बसतो’ असंच बोलायच्या.

राखण कशाची, हे त्या काळी सरकारी कचेरीची पायरी चढलेल्याला सांगायला नको. आमचे पुरवठादार पाच-सहा, सगळे एका ताटात जेवणारे. कुठलं काम कुणी घ्यायचं ते समोरच्या चहाच्या गाडीवर आधीच ठरायचं. ज्याची पाळी तो स्वतःचा लिफाफा आणायचा आणि सोबत दोन प्रतिस्पर्ध्यांचेही, चढ्या दराचे, त्यानंच भरलेले. बाहेरचा कुणी लिफाफा घेऊन आलाच, तर पेटीजवळ रेंगाळणारे दोन धिप्पाड गडी त्याला खांद्यावर हात टाकून चहाला न्यायचे आणि तीन वाजून गेल्यावर सोडायचे. कागदोपत्री सगळं चोख असायचं.

कबनूरचे एक मागवाले असे दोनदा चहा पिऊन परत गेले होते. चादरी स्वतःच्या मागावर विणायचे, माल उत्तम. आमच्या वसतिगृहांतल्या चादरी मात्र दुसऱ्या धुण्याला फाटायच्या. तिसऱ्या वर्षी ते आले तेव्हा गडी आडवे आले आणि आक्का उठून उभ्या राहिल्या. “पावणं, लिफाफा टाका. मी बघतो कोण अडवतंय.” कुणी अडवलं नाही. मी हे खिडकीतून पाहत होतो. बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी उभं राहावं असं वाटलं, पण गेलो नाही. ती लाज अजून आहे.

दर कबनूरचाच कमी निघाला. आठ दिवसांत ती निविदा ‘प्रशासकीय कारणास्तव’ रद्द झाली आणि काम पुन्हा चहाच्या गाडीवर गेलं. त्या संध्याकाळी निघताना आक्का एवढंच म्हणाल्या, “नुसती राखण करून भागत न्हाय. ही पेटीच गेली पायजे.”

ती गेली, पण त्याला बरीच वर्षं लागली. दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा निविदा संगणकावर भरायचा हुकूम निघाला. निम्म्या कचेरीनं कपाळाला हात लावला. आक्कांची निवृत्ती दीड वर्षावर होती, तरी प्रशिक्षणाला पहिल्या बाकावर त्याच. एका बोटानं टाइप करायच्या, चुकलं की संगणकाला कानडीत झापायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

पुरवठादारांनी मात्र शिकायचे कष्ट घेतले नाहीत. सगळ्यांनी आपापल्या डिजिटल सह्या शाहूपुरीतल्या एकाच संगणकवाल्याकडं ठेवल्या. जुनी सवय ती. त्या पठ्ठ्यानं एका बैठकीत चादरींच्या तीन निविदा चढवल्या आणि घाईत तिन्हींना एकाच दुकानाचं अनुभवाचं प्रमाणपत्र जोडलं. पूर्वी असा कागद लिफाफ्यातून गुपचूप बदलता यायचा. आता तो सगळ्यांना दिसत होता. आक्कांनी तिन्ही निविदा अपात्र ठरवायची टिपणी लिहिली. उरले सोलापूरचे एक आणि तेच कबनूरवाले.

आता नुसत्या ‘प्रशासकीय कारणा’वर निविदा रद्द होत नव्हती. साहेबांनी आक्कांना बोलावून घेतलं. यंत्रणेत बिघाड झाला असं लिहा, आपण निविदा रद्द करू, म्हणाले. मी फाइल धरून मागं उभा होतो.

“यंत्र ब्येस चाललंय साहेब. खोटं मी लिवणार न्हाय. बदली करा की.”

बदली झालीच, थेट जिल्ह्याच्या टोकाला, गगनबावड्याला. गुडघे दुखत होते तरी एसटीत कुणाचा हात न धरता चढल्या. मला रडू आलं, त्यांना नाही.

बिघाडाच्या टिपणीचा तोच कागद मग सहीसाठी माझ्या टेबलावर आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वरच्याला नाही म्हटलं नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण लिहिलं: यंत्रणेत कोणताही बिघाड नव्हता. आठवड्यात मला चंदगडला बदलीचा हुकूम मिळाला.

आक्कांना फोन केला. मला वाटलं, आता समजूत घालतील.

“म्हंजे आता त्यास्नी सही करणारा तिसरा हुडकाय लागंल,” त्या म्हणाल्या. “हुडकू देत की.”

माझ्या जागी बिद्रीकडची एक बाई आली. तिनं आक्कांना कधी पाहिलंही नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तिनंही सही केली नाही. निविदा रद्द झाली नाही, आणि दर पुन्हा कबनूरचाच कमी निघाला.

त्या वर्षी वसतिगृहांत कबनूरच्या चादरी गेल्या.