कमांडकाकांचं मंडळ

‘मी लिनक्स वापरतो’ असं कुणी कमांडकाकांसमोर म्हटलं की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. काचा पुसून होईपर्यंत समोरच्याने आपलं बोलणं मागे घ्यावं, एवढी सवलत त्यात असे. नाही घेतलं तर उलटतपासणी सुरू. “वापरता म्हंजे नेमकं काय करता, पावणं?”

बाळांनो, तुमचे बाबा परदेशी गेले तेव्हा आपला संगणक माझ्याकडे, त्यांच्या आईकडे, ठेवून गेले. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. ई-मेल शिकायला म्हणून मी वारूळवाडीला खतांच्या दुकानावरच्या एका खोलीत जाऊ लागले. तिथे काकांचा क्लास होता. आयुष्यभर त्यांनी तांत्रिक शाळेत वायरिंग शिकवलं आणि उतारवयात त्यांना लिनक्सचं वेड लागलं. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी व्यवस्था, पण कुणालाही फुकट देता येणारी आणि आतून उघडून दुरुस्त करता येणारी. काकांना त्यातलं ‘उघडून दुरुस्त’ एवढंच महत्त्वाचं वाटे. त्यांच्या पडद्यावर चित्रं नसत, काळ्यावर पांढरी अक्षरं तेवढी. माऊस दाराआडच्या खिळ्याला टांगलेला. सगळं हुकूम टाइप करून चालायचं, म्हणून पोरांनी त्यांचं नाव कमांडकाका पाडलं.

आपल्याकडे चार माणसं जमली की मंडळ निघतं. काकांनीही लिनक्सचं मंडळ काढलं. बाजाराच्या दिवशी, पिशव्या भिंतीला टेकवून, चहाबरोबर बैठक होई. नियम एकच होता: जो वापरतो तोच सभासद. पण वापरणं म्हणजे काय, यावर दर बैठक संपायची आणि चहा गार व्हायचा.

जुन्नरच्या बशीरभाईंचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. त्यांच्या एकाच संगणकात दोन्ही व्यवस्था होत्या. मराठी अक्षरं छापताना हवी तशी उमटावीत म्हणून दिवसभर विंडोज आणि संध्याकाळी हौसेनं लिनक्स. काका म्हणाले, “सासरी नांदायचं आन् जेवायला रोज म्हायेरी जायचं, ह्याला नांदणं म्हनत न्हाईत, बशीरभाई.”

“पण नाव तर सासरचंच लावतो ना, राव,” बशीरभाई म्हणाले. त्यांचा अर्ज तरीही नामंजूर झाला. ते मात्र दर बाजारी येतच राहिले.

माझं प्रकरण त्याहून वाईट होतं. मी फक्त तुमच्या बाबांना पत्रं पाठवायची. काकांनी मला विचारलं, “बाई, तुमी यष्टीत बसून पुण्याला जाता. म्हणून तुमी यष्टी चालवता का?” मी म्हटलं, चालवते असं मी म्हणतच नाही, वापरते म्हणते. काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी नियम आणखी घट्ट केला. “हात आन् डोकं, दोन्ही आपलं पायजे. बिघडलं तर दुसऱ्याला हाक मारायची न्हाई.” त्या दिवशी मंडळात काकांखेरीज कुणी उरलंच नाही, आणि ते आमच्यातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांना साखरेचा विकार होता. त्यांच्या पडद्यावरची अक्षरं हळूहळू मोठी होत गेली. पुढे एका ओळीत दोनच शब्द मावू लागले. काका म्हणत की पडदा जुना झालाय. मग एका बैठकीत त्यांनी बशीरभाईंना एक ओळ वाचून दाखवायला सांगितली. बशीरभाईंनी वाचली. ती ऐकून काका म्हणाले की मंडळातून आता आपलंही नाव कमी करावं.

आम्ही विरोध केला. बशीरभाई तर चिडलेच. “नियम तुमीच केला, आता तुमीच मोडा की.”

“माझ्यापुरता मोडला, तर मग तुमाला इतके दिवस भाईर का बसवलं?” काका म्हणाले.

क्लास बंद झाला. डोळ्यांत उरलेला उजेडही गेला, तेव्हा मालनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना घेऊन डिंभ्याला गावच्या घरी राहायला गेल्या. मंडळ पुन्हा भरलं नाही.

बऱ्याच महिन्यांनी बशीरभाई आणि मी डिंभ्याला गेलो. एसटीचा नेम नसल्यामुळे पोचायला दुपार झाली. आत काका खाटेवर आडवे आणि मालनताई संगणकापुढे. मध्येच वीज गेल्यामुळे तो अर्ध्यात अडला होता. मालनताईंना इंग्रजी अक्षरं ओळखू येत, शब्द नाहीत. पडद्यावरचं एकेक अक्षर त्या मोठ्यानं वाचत होत्या. काका मनात शब्द जुळवत, अर्थ लावत आणि पुढची अक्षरं सांगत. मी इंग्रजी शिकवलेली बाई, मला ते वाचता येत होतं, पण मध्ये तोंड घालवेना. शेवटी संगणक उठला. तो उघडायला लागणारं नाव काकांनी घालून घ्यायला सांगितलं. पडद्यावर काकांचं नाव उमटलं. सगळं वाचणाऱ्या मालनताई तिथे मात्र “हितं तुमचं नाव” एवढंच म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलेलं नव्हतं.

बशीरभाई खूश झाले. “दुरुस्त केला ना? मग आता तरी म्हणा, वापरतो म्हणून.”

“हात तिचं व्हतं,” काका म्हणाले.

“आन् मला काय कळतंय त्यातलं?” मालनताई म्हणाल्या.

“मग दोघंबी न्हाई वापरत,” असं म्हणून काका हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

मी त्यांना शाळेतलं उदाहरण दिलं. हात मोडलेल्या मुलाला परीक्षेत लेखनिक देतात. लिहितो दुसराच, पण पास तो मुलगाच होतो. काकांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं.

“बाई, परीक्षा दोन तासांची असती. ज्याला जन्मभर लेखनिक लागला, त्यानं सोताला काय म्हनायचं?”

निघताना मालनताई आम्हाला थांब्यापर्यंत सोडायला आल्या. “त्यांस्नी म्हनू द्या काय म्हनायचं ते,” त्या म्हणाल्या. “अक्षरं सांगाय लागलं की आवाज पयल्यासारखा व्हतो. मी त्येवढ्यासाठी बसते.”

काका त्याच वर्षी गेले. आम्हाला उशिरा कळलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा खाट उचललेली होती, पण संगणक झटकून-पुसून जागेवर होता. मालनताई आम्हाला चहा देऊन त्याच्यापुढे बसल्या. काकांचं नाव एकेक अक्षर शोधत घातलं, मग त्यांचा परवलीचा शब्द. काळा पडदा उघडून थांबला. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या नुसत्या बघत बसल्या.

मी म्हटलं, ताई, यात तुमच्या नावानंही उघडता येतं. बशीरभाई आत्ता लावून देतील. मग तुम्ही वापरता असं म्हणता येईल.

“नगं, बाई,” त्या संगणकावर हात ठेवून म्हणाल्या. “ह्याला वाटतंय, त्येच बसल्यात. वाटू द्या.”